भर वैशाखातला महापूर

आर. के. नगर, कोल्हापूर.
(गच्चीवरून, पाण्याच्या टाकीची सावली पडते त्या बाजूने)

तीर्थस्वरूप अक्कांच्या पायांवर तुमच्या पूर्णिमाचा नवरा विश्वजित याचा साष्टांग दंडवत.

दंडवत खराच समजावा, कारण टाकीच्या आड ताठ बसलं तर जिन्यातून डोकं दिसतं, म्हणून मी सध्या पालथा पडूनच लिहितो आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? पूर्णिमानं दिलेलं तेल चोळता, की भाचीनं प्रेमानं दिलंय म्हणून कपाटात जपून ठेवलंय? यंदाचं ऊन बघता तुमचे सांडगे घातल्या दिवशीच वाळत असतील. इकडे सर्व क्षेम आहे. ('सर्व' हा शब्द विचार करून लिहिला आहे. ह्यात मी आणि पूर्णिमा तर आलोच, शिवाय शिरोळहून आलेले तुमचे बंधू हंबीरराव म्हणजे आमचे सासरे, ज्यांना मी मामा म्हणतो, मामी, दोन म्हशी, एक रेडकू, गव्हाची पोती, घरचे देव, गॅसची टाकी आणि गोधडीत गुंडाळलेला टीव्ही, एवढे सगळे आले. माझी सोडून सगळ्यांची तब्येत उत्तम आहे.) खरं म्हणजे फोनच करणार होतो. पण गेल्या चार-पाच दिवसांपासून फोनवर माझा आवाज ऐकला की आमच्या सासरकडच्या माणसांचे हात आपोआप दाव्याकडे जातात. काल तुमच्या भाच्याला, उदयसिंहला, सहज फोन लावला. (तो शिरोळात घर राखायला थांबला आहे.) मी नुसतं 'हॅलो' म्हटलं, तर शेजारच्या केरबांनी पलीकडून आवाज ओळखला आणि पुढचं काही न ऐकता शेळी सोडली. म्हणून म्हटलं, पत्र बरं. कागदाला आवाज नसतो.

तर अक्का, तुमचे बंधू आमच्याकडे पुराची वाट बघत आहेत. सकाळी उठले की गच्चीवर येतात, कमरेवर हात ठेवून नदीच्या दिशेला तोंड करून उभे राहतात. आमच्या गच्चीवरून पंचगंगा दिसत नाही, लोकांच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. पण मामा त्या टाक्यांकडेही संशयानं बघतात. मग जिन्यातून खाली हाक येते, "पावणं, पानी कुठवर आलं बघा की तुमच्या त्या कम्प्युटरात!" मी आत जातो, बघितल्यासारखं करतो आणि 'स्थिर आहे' म्हणून सांगतो. ते खोटंही नाही. नदीत गुडघाभर पाणी आहे आणि ते अगदी स्थिर आहे. उदयसिंह शिरोळहून रोज सांगतो की आबा, इथं नदीत पोरं क्रिकेट खेळायला लागलीत. मामा त्याला म्हणतात, महापूर आला त्या सालीबी तू असंच म्हनत हुतास आन् मग पत्र्यावर बसून हाका मारत हुतास. पूर येणार नाही हे मामांना माहीत नाही. आणि तो पूर त्यांच्या जावयानं आणला, हे तर त्यांना मुळीच माहीत नाही. ते कळलं की माझं काय होईल, ह्या भीतीनं मी जेवण सोडलं आहे. (दूध तेवढं घेतो, ताजं असतं.)

तुम्ही म्हणाल, जावई पूर कसा आणेल? त्यासाठी माझी नोकरी थोडी समजावून घ्यावी लागेल. लग्नात तुम्ही मला विचारलं होतंत, काम काय करतोस, मी म्हणालो, दुसऱ्यांनी केलेलं सॉफ्टवेअर तपासतो, खोड काढतो, आणि तुम्ही सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला होता, "म्हंजी सासूचीच नोकरी की!" तीच नोकरी. आमचं ऑफिस उद्यमनगरात, एका लेथच्या कारखान्याच्या वर आहे. तिथे आम्ही नदीकाठच्या दूध संस्थांसाठी एक यंत्रणा बनवतो आहोत. नदीत बसवलेलं यंत्र पाणी मोजणार, आकडा आमच्या सर्व्हरकडे पाठवणार, आणि पाणी धोक्यावर गेलं की सर्व्हर प्रत्येक सभासदाला फोन लावून सांगणार की जनावरं हलवा. हे सर्व्हर ऑफिसात नाहीत, क्लाउडवर आहेत. क्लाउड म्हणजे ढग, पण ते ढगातही नाहीत. कुठल्याशा मोठ्या कंपनीच्या गोदामात भाड्यानं घेतलेले आहेत. एकच सर्व्हर ठेवला आणि ऐन पुरात तोच बसला तर पंचाईत, म्हणून त्यांचा जथा ठेवतात. त्याला क्लस्टर म्हणतात. लग्नात मटणाच्या चुलाण्यावर एकच आचारी ठेवत नाहीत तसं. एक लुडकला तरी दुसरा पळी हातात घेतो. माझं काम म्हणजे हे सगळं ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासायचं: इकडे खोटं पाणी वाढवायचं, मधला एखादा सर्व्हर मुद्दाम पाडायचा आणि तरीही तिकडे फोन वाजतो का बघायचं. ह्याला एंड-टू-एंड टेस्ट म्हणतात.

आता ही टेस्ट खऱ्या क्लस्टरवर करत नाहीत. तिच्यासाठी दुसरा, सरावाचा क्लस्टर असतो. तालमीतली कुस्ती वेगळी आणि मैदानातली वेगळी, तसंच. सरावाच्या क्लस्टरमध्ये कुठलाही नंबर घाला, फोन येतो तो आमच्या ड्रॉवरमधल्या एका जुन्या मोबाइलवर. तेव्हा नंबर कुणाचे घालायचे हा प्रश्न खरं म्हणजे क्षुल्लक होता. पण मला तुम्ही ओळखता. (माझं नाव विश्वजित ठेवणाऱ्यांनी मला आधी बघायला हवं होतं. मी झुरळाला भितो, लिफ्टला भितो, बँकेतून 'सर, दोन मिनिटं वेळ आहे का' असा फोन आला तर उभा राहून बोलतो.) माझ्या मनात आलं, चुकून एखादा फोन खरंच गेला तर परका माणूस आईबहिणीवरून उद्धार करील, आपली माणसं फार तर जेवायला बोलावतील. म्हणून मी सासरकडचे नंबर घातले. मामांचा घातला, मामींचा घातला, उदयसिंहचा आणि तुमचाही घातला. त्या गावाला मी 'चाचणीवाडी' असं नावसुद्धा दिलं होतं.

आणि आवाज. फोनवर सूचना वाचायला पुण्याच्या एका बाईंचा आवाज येणार होता, तो वेळेवर आला नाही. आमचे धवल सर (हे मालक, वयानं माझ्याहून लहान, पण मी त्यांनाही भितो) म्हणाले, तोवर तू बोल. मी माइकसमोर उभा राहिलो आणि वाचलं: 'पाणी धोक्याच्या पातळीवर आहे. जनावरं सोडा. उंच जागी जा. ऐकलं असेल तर एक दाबा.' ऑफिसातल्या सगळ्यांनी पाय खुर्चीवर घेतले. खालच्या लेथवाल्यानंसुद्धा मशीन थांबवून वर बघितलं म्हणतात. धवल सर म्हणाले, तुझ्या आवाजात भीती आधीपासूनच आहे रे, वेगळी घालायला नको. हे कौतुक होतं की काय ते मला अजून कळलेलं नाही.

त्या दुपारी धवल सर जेवायला जाताना सरावाचा क्लस्टर बंद करून गेले. त्यांना ती सवय आहे. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करावा तसे ते सर्व्हर बंद करतात, कारण क्लाउडचं भाडं तासावर असतं. मला सांगितलं नाही. मी टेस्ट सुरू केली. माझ्या प्रोग्रॅमनं सरावाचा क्लस्टर शोधला, तिथे कुलूप दिसलं, तेव्हा तो आपण होऊन पुढच्या पत्त्यावर गेला आणि पुढचा पत्ता खऱ्या क्लस्टरचा होता. देवाची कृपा एवढीच, की खऱ्या क्लस्टरवर अजून एकाही संस्थेचे सभासद चढवलेले नव्हते. तिथे होती ती फक्त माझी चाचणीवाडी, मीच एकदा करून बघताना ठेवून दिलेली. त्यामुळे अख्खा तालुका वाचला आणि माझं सासर तेवढं बुडालं. मला यातलं काही कळलं नाही. मी पडद्यावर पाणी वाढवलं, एक सर्व्हर पाडला, दुसऱ्यानं लगेच काम हातात घेतलं, फोन सुटले, ओळीनं हिरवं हिरवं होत गेलं. ड्रॉवरमधला मोबाइल वाजला नाही तेव्हा मला वाटलं, चार्जिंग संपलं असेल. अक्का, जन्मात एकदाच मी घाबरलो नाही, आणि नेमकं तेव्हाच घाबरायला हवं होतं.

तिकडे शिरोळात काय झालं ते मला मामींनी नंतर सांगितलं. मामा उसात होते. फोन वाजला, जावयाचा आवाज, आणि तोही असा थरथरता. मामा म्हणाले, बरं बरं पावणं, घाबरू नगासा, निघालोच, आणि फोन खिशात टाकला. एक दाबायचं राहिलं. आता आमची यंत्रणा अशी आहे की एक दाबला नाही तर पुन्हा फोन लावते, दाबेपर्यंत लावते. पुन्हा फोन. मामा म्हणाले, व्हय की, ट्रॉली जोडतोय. पुन्हा फोन. मामा म्हणाले, आता पूर्णिमाकडं द्या बघू फोन, तुमी लई भ्यालाय. पुन्हा 'जनावरं सोडा'. माझ्या पडद्यावर मामांच्या नावापुढे 'उत्तर नाही, पुन्हा प्रयत्न' असं येत होतं, आणि नेमकी तीच गोष्ट मला तपासायची होती, म्हणून मी शेरा लिहिला, 'पाठपुरावा उत्कृष्ट'. मामी म्हणाल्या, अवं, वर बघा, ऊन काय पडलंय! मामा म्हणाले, त्या सालीबी ऊन पडलं हुतं, पानी वरनं सोडत्यात. जावई त्याच कामात हाय, त्येला आधी कळणार. हेही खरंच. नदीकाठच्या माणसाला एकदा पाण्यानं फसवलं की तो पुन्हा आकाश बघून ठरवत नाही.

आणि मामा आमच्याकडेच का आले, हे तुम्हाला मी काय सांगावं! स्थळ बघायला तुम्ही दोघं बहीणभाऊ आला होता तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, पत्रिका मागितली नाही. जिना चढून ह्याच गच्चीवर आले, सगळीकडे नजर फिरवली आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "हितं पानी येत न्हाय न्हवं?" वडील म्हणाले, हितं नळालासुद्धा येत नाही. तिथेच सुपारी फुटली. माझ्या अंगात दुसरा कुठला गुण मामांनी कधी बघितलाय असं मला वाटत नाही. मी उंचावर राहतो, एवढंच माझं कर्तृत्व.

संध्याकाळी मी ऑफिसातून खुशीत परतलो, तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर. मामा स्वतः चालवत होते. ट्रॉलीत मामी देव मांडीवर घेऊन पोत्यांवर बसलेल्या, आणि त्यांच्या मागून दोन म्हशी शहर बघत होत्या. मला पाहताच मामा खाली उतरले, मला छातीशी धरलं (मी जमिनीपासून उचललो गेलो) आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्या पोरानं वाचिवलं! सख्खा ल्योक झोपला हुता, पन ह्येनं चार-चारदा फोन केला!" त्याच क्षणी मला सगळं समजलं. ड्रॉवरमधला मोबाइल का वाजला नाही तेही समजलं. तेव्हाच बोलायचं होतं. मी तोंड उघडलं सुद्धा, पण आमचे सोसायटीचे चेअरमन माधवराव खाली आले होते आणि त्यांच्या गाडीच्या जागेत म्हैस बांधलेली बघून तेही तोंड उघडत होते, आणि दोन तोंडांमध्ये मामांचं तिसरं लागलं. मामांनी त्यांना खांद्यावर हात टाकून पुराची हकीकत सांगितली. माधवराव गहिवरले. (दुसऱ्या दिवशी सकाळी ते पातेलं घेऊन म्हशीजवळ उभे होते. आता बिल्डिंगमध्ये म्हशींबद्दल कुणाचीच तक्रार नाही. उलट दुधासाठी नंबर लागतात.)

त्यानंतर मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. रात्रीच्या जेवणाला मी धीर करून म्हणालो, मामा, ते पाणी... तर मामा ताटावरून ताडकन उठले, 'वाढलं?' मी म्हणालो, नाही नाही, प्यायचं पाणी, देऊ का? पूर्णिमाला सगळं सांगितलं. ती आधी उशीत तोंड खुपसून हसली आणि मग म्हणाली, आबांना तुमचं तुम्ही सांगा, मला माहेर एकच आहे. धवल सरांनाही सांगितलं. म्हटलं, नोकरी गेली. ते लगेच गाडीत बसून आमच्या पार्किंगमध्ये आले, म्हशींचे फोटो काढले आणि म्हणाले, फोन गेला, माणूस हलला, म्हैस हलली, आता ह्याच्याहून एंड-टू-एंड काय असतं! ते फोटो आता दूध संस्थेला दाखवणार आहेत. म्हणजे माझ्या चुकीला कोपऱ्यात बसून रडायचीही सोय राहिली नाही.

आता अक्का, तुमच्याबद्दल. मघापासून मी ह्याच गोष्टीला वळसा घालतो आहे. त्या दुपारी सगळ्यात आधी उत्तर आलं ते तुमचं. तुम्ही पहिल्या घंटीला फोन उचललात, पूर्ण ऐकून घेतलंत आणि एक दाबलात. तुमच्या नावापुढे हिरव्या अक्षरांत 'सुरक्षित' असं उमटलं. मला अभिमान वाटला. म्हटलं, बघा, कुरुंदवाडात नदीच्या तोंडावर राहणारी म्हातारी बाई सगळ्यांच्या आधी निघाली. संध्याकाळी ट्रॉली रिकामी झाल्यावर मामींना विचारलं, अक्का कुठं उतरल्या? मामी म्हणाल्या, "त्या कशाला येत्यात! निघताना फोन केलता मी. सांडगं घालायला बसल्यात." मी म्हणालो, अहो पण त्यांनी एक दाबलाय! मामी म्हणाल्या, दाबला की. पोरगं येवढं काकुळतीला येऊन दाबा म्हनतंय तर मन कशाला मोडा, म्हणाल्या.

तेव्हा मला जी भीती वाटली ती मी आजवरच्या कुठल्या भीतीच्या जवळपास ठेवू शकत नाही. मामांना आमच्या यंत्रणेनं पुन्हा पुन्हा फोन केला, कारण ते गप्पा मारत होते. तुम्हाला एकदाच केला, कारण तुम्ही माझं मन राखलंत. खरा पूर असता तर सगळे सर्व्हर ठणठणीत उभे राहिले असते, पडद्यावर तुमचं नाव हिरवं दिसलं असतं, आणि होड्या लाल नावांच्या, म्हणजे उत्तर न आलेल्यांच्या, दारांकडे गेल्या असत्या. तुमच्या दाराकडे कुणीच आलं नसतं. तुम्ही माडीवर सांडग्यांचा डबा मांडीवर घेऊन बसला असता आणि मी इथे 'उत्कृष्ट' असा शेरा लिहिला असता. असो. ऊन फार आहे, टाकीची सावली सरकली आहे. तो विषय मी मनातून काढून टाकायचा प्रयत्न करतो आहे.

आता कामाचं. तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुम्ही मामांना फोन करून सांगावं, की पाणी आलं होतं आणि ओसरलं. मी सांगून चालत नाही. मामा म्हणतात, ओसरल्यालं काठावरच्या माणसानं सांगाय पायजे. आणि काठावरचं माणूस म्हणजे तुम्ही. भावाला घरी जा म्हणून हुकूम सोडणारं ह्या जगात दुसरं कुणी उरलेलं नाही. थोडा गाळही साचला आहे असं सांगितलंत तर अधिक खरं वाटेल. एवढं करा, मी जन्मभर ऋणी राहीन. कुरुंदवाडच्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांना माझा आवाज ऐकवू नये.

आपला आज्ञाधारक व भेदरलेला,
विश्वजित

ता. क. पत्राची घडी घालत होतो तेवढ्यात अंगावर सावली पडली. मामा. "काय लिवालाय, पावणं?" मी पत्र लपवायला गेलो आणि भीतीनं नेमकं तेच पुढे केलं. मग काय, पालथा पडल्या पडल्याच सगळं सांगून टाकलं: सर्व्हर, कुलूप, चाचणीवाडी, सगळं. मामा म्हणाले, "ठावं हाय की." अक्का, त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे! तिसऱ्या फोनला त्यांनी पूर्णिमाकडं फोन द्या म्हटलं आणि मी पुन्हा जनावरं सोडा म्हणालो, तेव्हाच त्यांनी ओळखलं की हे यंत्र बोलतंय. पण तोवर थोरली म्हैस फळीवर चढली होती. मामी म्हणाल्या, मग उतरवूया. मामा म्हणाले, चढलीच हाय तर जाऊन बघू. पावसाळ्याआधी त्यांना एकदा बघायचंच होतं, की ट्रॉलीत सगळं मावतं का, हातकणंगल्याच्या वाहतुकीत म्हैस बिथरते का, जावयाच्या पार्किंगमध्ये रेडकू राहतं का आणि तिथला चेअरमन किती भुंकतो. "तुमी तुमची टेस्ट घेतली, आमी आमची." मी विचारलं, मग रोज सकाळी पाणी कुठवर आलं म्हणून का विचारता? तर म्हणाले, तवा तुमचं त्वांड बघण्यासारखं हुतंय. पूर्णिमा आणि मामी दोघींना हे माहीत होतं. तेव्हा वरचं सगळं रद्द समजावं. पाणी ओसरल्याचा फोन करू नये, गाळही नको.

ता. क. दुसरा. मामा अजून इथेच टाकीला टेकून बसले आहेत. मघाशी म्हणाले, "समदं पास झालं. येकच नापास." मग कुरुंदवाडच्या दिशेला तोंड करून बसले. म्हणाले, त्या साली अक्काला माडीवरनं नावंत घेताना मीबी भ्यालो हुतो, तिला म्हाईत न्हाय. मी वरडलो तर ती ऐकत न्हाय, माझ्या आवाजात नुसता दम हाय. तुमच्या आवाजात भ्या हाय. तुमी लिवा.

म्हणून लिहितो. अक्का, खरं मागणं हे आहे. परवा मामा म्हशी घेऊन शिरोळला परततील, त्यांना गोठ्यात बांधतील आणि ट्रॉली धुऊन तुमच्या दारात येतील. पाऊस नाही, पाणी नाही, कसली घाई नाही. गुडघ्यांसाठी आमच्याकडचं लाकडी स्टूल पाठवतो आहे, त्यावर पाय ठेवून चढा, सांडग्यांचा डबा घ्या आणि आमच्याकडे राहायला या. एकदा येऊन गेलेलं असलं की दुसऱ्या वेळेला पाय अडत नाहीत, असं मामांचं म्हणणं आहे. माधवराव चेअरमनही वाट बघतील, त्यांना सांडगे फार आवडतात.

आणि पावसाळ्यात खरा फोन येईल. पुण्याच्या बाईंचं रेकॉर्डिंग काल आलं; इतकं गोड आहे की ऐकून म्हैस रवंथ करायला बसेल. म्हणून माझाच आवाज राहणार आहे. तो फोन आला तर एक दाबू नका. माझं मन राखू नका. फोन उचलूच नका, वाजत राहू द्या, चपला घाला आणि मामांच्या ट्रॉलीत बसा. तुम्ही उचलला नाहीत की इथे तुमचं नाव लाल होईल, आणि लाल नावाच्या दारात माणूस जातोच. तुम्ही आमच्या पार्किंगमध्ये उतरेपर्यंत मी त्या लाल नावाकडे बघत घाबरत बसेन. घाबरायचं काम मला चांगलं जमतं, ते माझ्याकडे राहू द्या. तुम्ही फक्त घर सोडा.